ज्यू आणि पैसा : एका कौतुकाची वंशावळ

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक संदेश फिरून येतो. सुरुवात कौतुकाची : ज्यू लोकांकडून शिका. मग यादी. जगातल्या बँका त्यांच्या, अमेरिकेची तिजोरी त्यांच्या हातात, हॉलिवूड त्यांचं, वर्तमानपत्रं त्यांची; आणि हे सगळं मूठभर लोकांनी एकजुटीने केलं, नाहीतर आपण! खाली जोडलेल्या हातांची चित्रं. पाठवणारे काका सज्जन आहेत. ज्यूंबद्दल त्यांच्या मनात काडीचाही द्वेष नाही. पण त्या संदेशातला ‘शिका’ खोडून तिथे ‘सावध व्हा’ लिहिलं, तर जो मजकूर तयार होतो, तो १९०३ साली सेंट पीटर्सबर्गच्या एका वर्तमानपत्रात छापून आलेला आहे. त्याकडे येतोच. आधी साधा हिशेब करू.

आज जगात ज्यू दीड कोटीच्या थोडे वर आहेत. जगाच्या लोकसंख्येत हा आकडा ०.२ टक्के भरतो. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते आजच्यापेक्षा जास्त होते. हिटलरने साठ लाख मारले, ती तूट अजून भरून निघालेली नाही. जगावर राज्य करणाऱ्यांची ही अवस्था!

बरं, हे लोक करत काय होते? १८९७ च्या रशियन जनगणनेत झारच्या राज्यात पन्नास लाखांवर ज्यू नोंदले गेले. त्यांतल्या बहुतेकांना साम्राज्याच्या पश्चिमेकडच्या ठरावीक पट्ट्याबाहेर राहायची परवानगी नव्हती. शिंपी, चांभार, गाडीवान, दारोदार माल विकणारे, अशी ती वस्ती. इतकं लांब तरी कशाला जायचं? आपल्या रायगड जिल्ह्यातले बेने इस्रायली पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवत होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनवार तेली. गावावरून पडलेली दिवेकर, किहिमकर, पेणकर, राजपूरकर ही त्यांची आडनावं. पुढे ते मुंबईला आले, कंपनी सरकारच्या पलटणीत शिपाई झाले, कचेऱ्यांत कारकून झाले. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलं, ते याच फौजेतले. जगाची तिजोरी यांच्यापैकी कोणाकडे होती, हे काकांनी सांगावं.

मग पैशाशी ज्यूंचं नाव चिकटलं कसं? याला कारण आहे, आणि ते रक्तात नसून कायद्यात आहे. मध्ययुगीन युरोपात ख्रिस्ती माणसाने व्याज घेणं हे चर्चच्या लेखी पाप होतं. ११७९ च्या धर्मपरिषदेने तर उघड व्याजबट्टा करणाऱ्याला ख्रिस्ती दफनही नाकारलं. दुसरीकडे ज्यूला कारागिरांच्या संघात प्रवेश नाही आणि बऱ्याच ठिकाणी जमीन घेता येत नाही. उरलं काय? फेरीचा धंदा, जुना माल आणि उसने पैसे देणं. इंग्लंडमध्ये ज्यू ही राजाची खासगी मालमत्ता मानली जाई. ज्यूने व्याज वसूल करायचं आणि राजाने त्याच्यावर कर लावून ते काढून घ्यायचं. शिव्या ज्यूला, पैसा राजाला.

मार्च ११९० मध्ये यॉर्क शहरात दंगल उसळली. दीडशेच्या आसपास ज्यूंनी किल्ल्याच्या बुरुजात आसरा घेतला. जमावाच्या हाती पडण्यापेक्षा बऱ्याच जणांनी स्वतःच मरण पत्करलं. अभय मिळेल या भरवशावर जे बाहेर आले त्यांना कापलं गेलं. मग दंगलखोर थेट कॅथिड्रलमध्ये गेले, तिथे ठेवलेले कर्जरोखे बाहेर काढले आणि होळी केली. म्होरक्यांमध्ये कर्जबाजारी सरदार होते, हे सांगायला नकोच. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, ते आपण शाळेत वाचलेलं असतं. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की दख्खनच्या दंग्यात राग कागदावर निघाला. माणसांच्या अंगाला हात लागल्याच्या घटना फार थोड्या. यॉर्कात कागदाआधी माणसं संपवली. आणि राजाने यातून धडा काय घेतला? ११९४ पासून प्रत्येक रोख्याची दुसरी प्रत सरकारी पेटीत ठेवायची. माणसं गेली तर गेली, वसुली बुडता कामा नये.

१२९० मध्ये इंग्लंडने ज्यूंना देशाबाहेर काढलं. सावकारी थांबली का? छे. राजाला पैसे इटलीचे ख्रिस्ती पेढीवाले पुरवतच राहिले. पुढे फ्लॉरेन्सच्या बार्दी आणि पेरूत्सी या पेढ्या. मेदिची, जर्मनीतले फुगर, या युरोपातल्या गाजलेल्या पेढ्या ख्रिस्ती घराण्यांच्या. पण ‘फ्लॉरेन्सच्या लोकांपासून सावध’ असा संदेश मला आजवर कोणी पाठवलेला नाही.

इथे हमखास कोणीतरी रॉथशिल्डचं नाव काढतो. हो, फ्रँकफर्टच्या ज्यू गल्लीत जन्मलेल्या मायर आम्शेलने पेढी काढली, त्याचे पाच मुलगे पुढे पाच शहरांत बसले आणि ती एकोणिसाव्या शतकातली फार मोठी पेढी झाली. पण वॉटर्लूच्या लढाईची बातमी आधी मिळवून नेथन रॉथशिल्डने लंडनचा बाजार लुटला, ही गोष्ट १८४६ च्या एका फ्रेंच चोपड्यातली आहे. लेखकाने टोपणनाव घेतलं होतं ‘सैतान’. तोवर नेथनला जाऊन दहा वर्षं झाली होती. १९४० मध्ये नाझी प्रचारमंत्री गोबेल्सच्या खात्याने त्याच गोष्टीवर चित्रपट काढला. पेढीचे कागद तपासणाऱ्या नायल फर्ग्युसन या इतिहासकाराचं म्हणणं उलटं आहे : लांबलचक युद्धाच्या हिशेबाने त्यांनी सोनं जमवलं होतं, आणि लढाई लवकर आटोपल्याने ते अडचणीत आले.

आता १९०३. त्या वर्षी एप्रिलमध्ये रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्ह शहरात ज्यूंची कत्तल झाली, ४९ माणसं मेली. आधी तिथलं जे वर्तमानपत्र आग ओतत होतं, त्याचा मालक क्रुशेव्हान. त्याच माणसाने काही महिन्यांत आपल्या पीटर्सबर्गच्या पत्रात एक ‘गुप्त दस्तऐवज’ क्रमशः छापला : ज्यूंचे वडीलधारे एकत्र बसून बँका, वर्तमानपत्रं आणि सरकारं कशी ताब्यात घ्यायची ते ठरवताहेत. हेच ते ‘प्रोटोकॉल्स’. लंडनच्या टाइम्सनेसुद्धा १९२० मध्ये ते गंभीरपणे घेतलं होतं. पुढच्याच वर्षी त्याच टाइम्सच्या इस्तंबूलच्या बातमीदाराने, फिलिप ग्रेव्ह्जने, दोन पुस्तकं शेजारी ठेवून दाखवलं की मजकूर उचललेला आहे. मूळ पुस्तक १८६४ चं, मोरीस जोली नावाच्या फ्रेंच वकिलाचं, तिसऱ्या नेपोलियनची खिल्ली उडवणारं. त्यात ज्यूंचं कारस्थान कुठेही नाही! एका बादशहावरची टीका चोरून तिथे ज्यूंना बसवलं, इतकंच. परीक्षेत कॉपी करणारं पोरदेखील थोडे शब्द बदलतं.

ज्यूंनी यावर काय केलं, हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या ग्रुपवर तो कधीच येत नाही. अमेरिकेत मोटारवाला हेन्री फोर्ड आपल्या साप्ताहिकातून १९२० पासून हीच विषारी मालिका चालवत होता आणि अंक मोटारींच्या दुकानांतून खपवत होता. त्याने ॲरन सपायरो या वकिलाला लक्ष्य केलं. सपायरोचा गुन्हा काय, तर तो शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था उभारत होता. महाराष्ट्रात त्याचा पुतळा झाला असता. सपायरोने बदनामीचा दावा ठोकला. १९२७ मध्ये खटला निकालाविनाच मोडला, पण फोर्डने हात टेकले आणि त्याच्या नावाने जाहीर माफीपत्र निघालं. ते माफीपत्र लिहून दिलं होतं ज्यू नेते लुई मार्शल यांनी. वर्षअखेर साप्ताहिक बंद. पण त्या मालिकेचं जर्मन भाषांतर छापलं जातच राहिलं, आणि १९३८ मध्ये फोर्डने नाझी सरकारचं पदकही स्वीकारलं. स्वित्झर्लंडच्या ज्यूंनी बर्नच्या न्यायालयात ‘प्रोटोकॉल्स’ बनावट ठरवून घेतले, १९३५ मध्ये. तेव्हा जर्मनीत हिटलर सत्तेवर येऊन दोन वर्षं झाली होती.

झूल इझाक या फ्रेंच इतिहासकाराने तिसरीच वाट धरली. त्याची पत्नी आणि मुलगी नाझींनी मारल्या. हा माणूस चर्चच्या शिकवणीतच ज्यूंबद्दलचा तिरस्कार कुठे कुठे मुरला आहे ते कागदावर मांडत बसला आणि १९६० मध्ये, वयाच्या ऐंशीच्या पुढे, ते बाड घेऊन पोप तेविसावे जॉन यांना भेटला. १९६५ मध्ये व्हॅटिकनने जाहीर केलं की येशूच्या मृत्यूचा दोष ज्यू समाजावर टाकता येणार नाही. क्रुसावर चढवण्याचा हुकूम रोमन सुभेदाराचा होता, हे बायबलमध्ये पहिल्यापासून लिहिलेलं आहे. ते मान्य व्हायला एकोणीसशे वर्षं लागली.

बाकीचे गैरसमज पटापट घेतो. ‘अरबही सेमिटिक, मग ते ज्यूद्वेष्टे कसे?’ सेमिटिक हे भाषांच्या कुळाचं नाव आहे; ‘अँटिसेमिटिझम’ हा शब्द १८७९ च्या सुमारास विल्हेल्म मार या जर्मन ज्यूद्वेष्ट्याने आणि त्याच्या गोटाने रूढ केला, तो फक्त ज्यूंसाठी, द्वेषाला शास्त्राचा मुलामा द्यायला. ‘हे सगळं हिटलरने सुरू केलं.’ यॉर्क वर आलंच आहे. ‘ते मुकाट मेले.’ नाझींनी ज्यूंना जिथे कोंडलं होतं त्या वॉर्सा घेट्टोचा उठाव १९ एप्रिल १९४३ ला सुरू झाला आणि जवळजवळ महिनाभर चालला. त्याच घेट्टोत इमॅन्युएल रिंगेलब्लुम आणि सोबत्यांनी सगळ्या नोंदी पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या बरण्यांत पुरून ठेवल्या, त्यांतल्या बऱ्याच युद्धानंतर खणून काढल्या गेल्या. ‘इस्रायलवर टीका म्हणजे ज्यूद्वेष.’ नाही, इस्रायलच्या सरकारवर खरमरीत टीका इस्रायलच्याच वर्तमानपत्रांत येते. पण इस्रायलच्या सरकारचा राग पॅरिसच्या सिनेगॉगवर काढला, तर तो ज्यूद्वेषच.

आणि ‘भारतात हे नाहीच’ हे अर्धं खरं. बेने इस्रायलींना कोकणाने कधी हाकललं नाही, हे खरं. २६ नोव्हेंबर २००८ ला कुलाब्याच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर चालून आलेले अतिरेकी बाहेरून आले, हेही खरं. पण २००६ साली खारघरमध्ये हिटलरच्या नावाचं हॉटेल निघालं, ते आपल्याच माणसाचं. मुंबईतल्या ज्यूंनी निषेध केला, मालकाशी बोलणी केली, आणि काही दिवसांत पाटीवरून हिटलर गेला. दंगा नाही, तोडफोड नाही. हिटलरचं आत्मचरित्र मात्र मुंबईच्या फुटपाथवर अजून यशस्वी होण्याच्या पुस्तकांच्या शेजारी मांडलेलं असतं.

हे सगळं मी गेल्या आठवड्यात काकांना थोडक्यात लिहून पाठवलं. निळ्या खुणा उमटल्या. बऱ्याच वेळाने उत्तर आलं : ‘माहितीबद्दल धन्यवाद. पण धंद्यात हुशार तर असतातच ना?’

शनवार तेल्यांचं मी पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं आहे.