स्मरणिकेसाठी फोटो पाठवताय? आधी हे वाचा



मागच्या स्मरणिकेतला संस्थापक सभासदांचा फोटो आठवतो ना? आपल्या बडोद्यातल्या दांडिया बाजारात, वाड्याच्या पायऱ्यांवर बसलेली अकरा माणसं. छापून आली तेव्हा चेहऱ्यांच्या जागी नुसते चौकोन दिसत होते. चूक आमचीच. मोबाइलवर आलेला लहानसा फोटो आम्ही ताणून पानभर केला. मूळ फोटो मागायला गेलो तर कळलं, घर आवरताना तो रद्दीत गेला. आता त्या अकरा जणांचा तो एकच फोटो उरला आहे, तोही अंधूक. असं पुन्हा होऊ नये म्हणून हे चार शब्द.

फोटो कशामुळे बिघडतो?

संगणकातला फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. फोटो लहान करताना संगणक काही ठिपके गाळतो. चित्र तरीही स्वच्छ दिसतं. मोठा करताना मात्र नसलेले ठिपके त्याला शेजारच्या रंगांवरून अंदाजाने भरावे लागतात. म्हणून फोटो धुरकट होतो. थोडक्यात, मोठ्याचा लहान नीट होतो, लहानाचा मोठा होत नाही.

किती पिक्सेल हवेत?

चांगल्या छपाईला इंचाला 300 ठिपके धरतात. त्याप्रमाणे हिशेब असा:

- 4 × 6 इंचाचा फोटो: 1200 × 1800 पिक्सेल
- पूर्ण ए-4 पान: सुमारे 2480 × 3508 पिक्सेल
- फक्त संकेतस्थळासाठी: 1200 पिक्सेल रुंदी पुरते

काही जण फाइलमधला डीपीआयचा आकडा 72 चा 300 करून पाठवतात. नुसता आकडा बदलून ठिपके वाढत नाहीत. पिक्सेल किती आहेत, तेवढंच पाहा.

फोटो लहान कसा करायचा?

1. आधी मूळ फाइलची कॉपी करा. मूळ फाइलला हात लावू नका.
2. विंडोजमध्ये कॉपी ‘पेंट’मध्ये उघडा आणि ‘रिसाइझ’वर क्लिक करा.
3. टक्के न निवडता ‘पिक्सेल्स’ निवडा. ‘मेंटेन अॅस्पेक्ट रेशो’ची खूण राहू द्या, नाहीतर आजोबा आडवे पसरतील.
4. हवी ती रुंदी लिहा. उंची आपोआप बदलेल.
5. ‘सेव्ह अॅज’ करून नवीन नाव द्या.

‘इरफानव्ह्यू’ किंवा ‘गिंप’ वापरत असाल तर उत्तम. जेपीईजी सेव्ह करताना त्यांत दर्जाचा आकडा निवडता येतो. तो 90 च्या आसपास ठेवा.

एक सवय मात्र सोडा. जेपीईजी फाइलमध्ये बदल करून ती पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडा तपशील जातो. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखंच ते. बदल अनेक करायचे असतील तर काम संपेपर्यंत फाइल पीएनजीमध्ये ठेवा आणि जेपीईजी शेवटी एकदाच करा.

जुने कागदी फोटो

मोबाइलने फोटोचा फोटो काढला की चकाकी येते आणि कडा वाकतात. स्कॅनर वापरा. फोटो लहान असेल तर 600 डीपीआयवर स्कॅन करा. 2 × 3 इंचाच्या फोटोचे 1200 × 1800 पिक्सेल मिळतात, म्हणजे तो 4 × 6 इंचांपर्यंत बिनधास्त छापता येतो.

आम्हाला कसे पाठवाल?

व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की फाइल लहान होते. त्यामुळे तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ईमेल किंवा पेनड्राइव्हही चालेल. लहान करायचा की नाही असा प्रश्न पडला तर करू नका, मूळ फाइलच द्या; लहान आम्ही करू. सोबत फोटोतल्या माणसांची नावं डावीकडून उजवीकडे लिहून द्या.

संगणकाचं जमत नसेल तर संकोच नको. अल्बम घेऊन कार्यालयात या. आम्ही तुमच्यासमोर स्कॅन करू आणि फोटो लगेच परत देऊ. आणि एक विनंती: स्कॅन झालं म्हणून कागदी फोटो टाकून देऊ नका. ती अकरा माणसं आम्हाला अजून विसरता आलेली नाहीत.