झाडपाल्याचें ज्ञान टिपणारे तरुण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, पहिल्याच अध्यायांत, ओषधींच्या ज्ञानासंबंधीं एक मोठा मार्मिक विचार आला आहे. ओषधींचीं नांवें व रूपें शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी व इतर वनवासी लोक जाणतात, असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. परंतु केवळ नांव व रूप जाणल्यानें ज्ञान पुरें होत नाहीं, ओषधीची योजना जो जाणतो तोच खरा जाणता, असेंही लगेच पुढें सांगितलें आहे. ज्यास आज लोकवनस्पतिशास्त्र म्हणतात, त्याचें बीज आमच्या मतें याच विचारांत आहे. लोक कोणती वनस्पति खातात, कोणती औषधास, रंगास वा पूजेस वापरतात, हें त्यांच्याच तोंडून ऐकून शास्त्रशुद्ध रीतीनें टिपून ठेवणें, हें या शास्त्राचें काम. पाश्चात्त्य देशांत त्यास स्वतंत्र नांव १८९५ सालीं जॉन हार्शबर्गर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानें दिलें. रानोमाळ हिंडून करावयाचें हें काम पुष्कळदां तरुण विद्यार्थ्यांच्या वांट्यास येतें. त्यांच्या श्रमांची बूज आपला समाज कितपत राखतो, याचा विचार आज करावयाचा आहे.

"असें टिपण कशास हवें? हळद जखमेवर लावावी, हें कोणत्या घरीं ठाऊक नाहीं?" असें कोणी विचारील. तर हळदीचीच गोष्ट पाहावी. १९९५ सालीं अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास, जखम भरून आणण्याकरितां हळद वापरण्याचें पेटंट मिळालें. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असतां आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्यास हरकत घेतली. तेथें आजीबाईची तोंडी साक्ष पुरणारी नव्हती. लेखी पुरावा हवा होता. म्हणून जुने संस्कृत ग्रंथ पुढें करण्यांत आले, आणि त्यांजबरोबर १९५३ सालीं इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांत छापलेला एक निबंधही. १९९७ सालीं तें पेटंट रद्द ठरलें. घरोघरच्या ज्ञानास कागदाचा आधार मिळाला, म्हणूनच तें आपलें ठरलें.

परभणीकरांस ही गोष्ट दूरची वाटूं नये. १९९९ सालीं हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत वसमत तालुका परभणी जिल्ह्यांतच होता, आणि वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. परंतु हळदीसारखें भाग्य सर्वच वनस्पतींचें नसतें. अमरकोशाच्या वनौषधिवर्गांत नांवें पुष्कळ आहेत. पण जिंतूरकडील डोंगराळ भागांतला मेंढपाळ कोणता पाला जनावराच्या कोणत्या दुखण्यावर देतो, किंवा कुंजराची भाजी किती कोवळी असतां खुडावी, हें त्यांत सांपडावयाचें नाहीं. तें वृद्ध माणसांच्या स्मरणांत आहे, आणि कोणी विचारलें नाहीं तर त्यांजबरोबरच जाणार आहे.

हें विचारण्याचें काम दिसतें तितकें सोपें नव्हे. मराठवाड्यांत ज्यास तरोटा म्हणतात, त्यालाच कोंकणांत टाकळा म्हणतात. उलट एकाच नांवाखालीं दोन गांवीं दोन निराळीं झुडुपें निघतात. म्हणून अभ्यासकास वनस्पतीचा नमुना दाबून, वाळवून, तज्ज्ञाकडून ओळखून घ्यावा लागतो. सांगणारा कोण, वापरावयाचा भाग कोणता, कोणत्या ऋतूंत घेतला, कसा शिजवला वा कुटला, आणि तीच गोष्ट आणखी किती जणांनीं सांगितली, हें सर्व लिहावें लागतें. प्रा. व्ही. एन. नाईक यांच्या 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' या १९९८ च्या ग्रंथानें या प्रांतांतील वनस्पतींच्या ओळखीचा भक्कम पाया घातला. त्यावर लोकांकडील उपयोगांची नोंद गांवोगांव चढवीत नेणें, हें पुढच्या पिढीचें काम आहे.

परदेशांत अशा कामाचा गौरव आरंभींच करण्याची रीत आहे. एडमंड फुलिंग यांनीं १९४७ सालीं 'इकॉनॉमिक बॉटनी' हें नियतकालिक काढलें. १९५९ सालीं या विषयाची संस्था स्थापन झाली, आणि तिच्या संमेलनांत नवोदित संशोधकाच्या उत्तम निबंधास फुलिंग यांच्या नांवानें पारितोषिक दिलें जाऊं लागलें. याच नियतकालिकांत १९७६ सालीं आपल्या देवरायांवरील निबंध प्रसिद्ध झाला होता. तो लिहिणारे होते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनींतील अनुभवी वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि हार्वर्डहून परतलेले, तिशी नुकतीच ओलांडलेले माधव गाडगीळ. जाणत्यानें तरुणास बरोबर घेऊन रान दाखवावें, याहून मोठी मान्यता ती कोणती?

आपल्या घरांतून मात्र निराळेंच ऐकूं येतें. बी.एस्सी. झालेली मुलगी रानभाज्यांवर प्रबंध लिहूं म्हणाली, कीं वडीलमंडळी म्हणतात, "यांत संशोधन तें काय? आपल्या सालदाराची बायको सांगेल." सालदाराची बायको सांगेल, हें खरेंच, पण तिला आजवर कोणी विचारलें आहे काय? साठीनंतर मिळणारी शाल आणि श्रीफळ हा सन्मान होय. पंचविशींत मिळालेलें लहानसें पारितोषिक हा आधार होय. त्या वयांत एस्.टी.चें भाडें आणि घरच्यांचा एक चांगला शब्द, या दोहोंवांचून पुष्कळ कामें अर्धीं राहतात.

गौरव करतांना सांगणाऱ्याचा विसर पडतां कामा नये. १६७८ पासून प्रसिद्ध झालेल्या 'हॉर्टस मलबारिकस' ग्रंथांत केरळांतील वैद्य इट्टी अच्युतन् यांचें, तसेंच रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोंकणी ब्राह्मणांचें निवेदन त्यांच्या नांवांसह छापलें आहे. साडेतीनशें वर्षांपूर्वीं डच अधिकाऱ्यास जें सुचलें, तें आजच्या प्रबंधांत नसेल तर त्यास पारितोषिक देऊं नये. सांगणाराची अनुमति घ्यावी, त्याची इच्छा असेल तर नांव द्यावें, आणि छापलेला निबंध मराठींत करून त्याच गांवीं वाचून दाखवावा.

संस्कृतांत प्रथम येणारास जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळे, तेव्हां तिच्या ओढीनें किती मुलें संस्कृताकडे वळलीं, हें जुन्या पिढीस ठाऊक आहे. वडिलांच्या स्मरणार्थ शाळेंत पारितोषिक ठेवण्याची चाल आपल्या घरांतून अजून आहे. तींतलें एखादें यापुढें जिल्ह्यांतील महाविद्यालयांत, वनस्पतींच्या उपयोगांची उत्तम टिपणवही करणाऱ्या विद्यार्थ्यास ठेवावें, अशी आमची सूचना आहे. रक्कम लहान असली तरी चालेल. परीक्षक मात्र वाळविलेले नमुने तपासणारा व वहींतील दोनचार गांवीं स्वतः जाऊन विचारणारा असावा. आणि ज्या घरीं असा मुलगा वा मुलगी असेल, त्या घरच्या आजीनें गणेशचतुर्थीच्या एकवीस पत्री स्वतः ओळखून त्याच्या वहींत पहिल्या नोंदवून द्याव्या.