बाह्य हार्ड डिस्क घेताना : महत्त्व जागेपेक्षा दुसऱ्या प्रतीला

एकेकाळी घरातील महत्त्वाचे कागद पत्र्याच्या ट्रंकेत आणि छायाचित्रे कपाटातील अल्बममध्ये असत. आता मुलांच्या जन्मापासूनची छायाचित्रे, लग्नाचे चित्रीकरण, प्राप्तिकराची विवरणपत्रे, घराच्या कराराची स्कॅन केलेली प्रत असा सारा ऐवज संगणकाच्या डिस्कवर असतो. ही डिस्क निकामी होण्यापूर्वी सूचना देईलच, याची शाश्वती नसते. म्हणूनच बाह्य हार्ड डिस्क ही घरगुती संगणकाची गरज ठरली आहे. मात्र ती निवडताना आणि वापरताना एक मूलभूत गल्लत सर्रास होते.

संगणकातील जागा अपुरी पडू लागली की अनेक जण बाह्य डिस्क आणतात, जुनी छायाचित्रे तिच्यावर हलवतात आणि संगणकावरून पुसून टाकतात. यामुळे जागा मोकळी होते. परंतु छायाचित्रांची प्रत पूर्वीसारखी एकच राहते, तीही टेबलावरून पडू शकेल अशा पेटीत. याला साठवण म्हणता येईल, बॅकअप नव्हे. एकच माहिती दोन स्वतंत्र ठिकाणी असेल, तरच तिला बॅकअप म्हणावे.

क्षमता किती असावी?

संगणकावर सध्या जेवढी माहिती आहे, तिच्या किमान दुप्पट क्षमतेची डिस्क घ्यावी. बॅकअपची आज्ञावली फायलींच्या जुन्या आवृत्त्याही जपून ठेवते, शिवाय माहितीत दरवर्षी भर पडतच असते. संगणकावर ६०० गिगाबाइट माहिती असल्यास २ टेराबाइटची डिस्क काही वर्षे पुरू शकते. १ टेराबाइटची नवी डिस्क विंडोजवर ९३१ गिगाबाइटची दिसते, यात फसवणूक नसते. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक.

फिरती तबकडी की चिप?

पारंपरिक हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय तबकड्या वेगाने फिरतात आणि त्यांच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर वाचक-शीर्ष तरंगत असते. चालू डिस्कला धक्का लागल्यास हे शीर्ष तबकडीला घासून माहिती कायमची नष्ट होऊ शकते. अडीच इंची पोर्टेबल डिस्क यूएसबी वायरीतूनच वीज घेते. साडेतीन इंची डिस्कला स्वतंत्र अॅडॅप्टर लागतो, पण ती अधिक मोठ्या क्षमतांमध्ये मिळते.

एसएसडी या प्रकारात फिरणारा भागच नसतो. त्यामुळे ती वेगवान असते आणि धक्के सहन करते, मात्र तेवढ्याच क्षमतेसाठी अधिक किंमत मोजावी लागते. शिवाय वीजपुरवठ्याविना वर्षानुवर्षे पडून राहिल्यास तिच्यातील माहिती क्षीण होण्याचा संभव असतो. रोज बॅगेतून न्यायची असेल तर एसएसडी आणि घरीच ठेवायची असेल तर पारंपरिक हार्ड डिस्क, असा ढोबळ नियम धरता येईल.

जोडणीचा वेग

२००० साली आलेल्या यूएसबी २.० ची कमाल गती सेकंदाला ४८० मेगाबिट होती. २००८ च्या यूएसबी ३.० ने ती ५ गिगाबिटवर नेली. प्रत्यक्षात ५०० गिगाबाइटच्या मोठ्या फायली जुन्या जोडणीतून उतरवण्यास सुमारे चार तास लागतात, तर सेकंदाला १२० मेगाबाइट वेग देणारी हार्ड डिस्क नव्या जोडणीतून तेच काम सव्वा तासाच्या आत करते. नवी डिस्क संगणकाच्या जुन्या पोर्टला जोडली, तर वेग जुनाच मिळतो. म्हणून खरेदीपूर्वी संगणकावरील पोर्ट पाहून घ्यावे.

वॉरंटीचा अर्थही नीट समजून घ्यावा. मुदतीत डिस्क बिघडली तर कंपनी डिस्क बदलून देते. तिच्यातील माहिती परत मिळण्याची हमी सहसा त्यात नसते.

एक डिस्क पुरेशी नाही

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईतील असंख्य घरांत पाणी शिरले. अशा वेळी संगणक आणि शेजारच्या खणातील बॅकअप डिस्क यांचे भवितव्य एकच असते. चोरी आणि आगीलाही हेच लागू पडते. यावर तीन-दोन-एक हा नियम सांगितला जातो: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत क्लाउडवर ठेवता येते किंवा दुसरी डिस्क भावाबहिणीच्या घरी ठेवून काही महिन्यांनी अदलाबदल करता येते. अशी डिस्क पासवर्डने बंद करावी. पण तो पासवर्ड कुटुंबातील आणखी एकाला ठाऊक असावा.

बॅकअप पूर्ण झाल्यावर डिस्क संगणकापासून वेगळी करणेही महत्त्वाचे. मे २०१७ मध्ये दीडशेहून अधिक देशांत पसरलेल्या वॉनाक्रायसारखे खंडणीखोर सॉफ्टवेअर संगणकाला जोडलेल्या डिस्कवरील फायलीही कुलूपबंद करते.

पडताळणी हवीच

१९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’ चे काम सुरू असताना पिक्सार स्टुडिओत एका चुकीच्या आज्ञेमुळे चित्रपटाचा बराचसा भाग सर्व्हरवरून पुसला गेला. बॅकअपची व्यवस्था होती. परंतु ती नीट चालत नव्हती, हे तेव्हाच उघडकीस आले. घरून काम करणाऱ्या एका सहकारी महिलेच्या संगणकावर प्रत होती, म्हणून चित्रपट वाचला. प्रत्येक घरात असा योगायोग घडेलच असे नाही. विंडोजमधील फाइल हिस्टरी किंवा मॅकवरील टाइम मशीन सुरू करून भागत नाही. दर काही महिन्यांनी बॅकअपमधील एखादे जुने छायाचित्र किंवा दस्तऐवज परत मिळवून उघडून पाहावे. ते उघडले, तरच डिस्कवर केलेला खर्च सार्थकी लागला असे समजावे.