नागपूरचा वसंत आणि त्याची झाडे

वसंताचे वर्णन करणाऱ्या आमच्या बहुतेक कवींनी नागपूरचा वैशाख पाहिला नसावा. मंद वारा, कोवळे ऊन, कोकिळेचे कूजन हे सारे पंचांगाप्रमाणे चैत्र-वैशाखाच्या वाट्याला आलेले. आणि नागपूरकराचे चैत्र-वैशाख कसे जातात ते आपण सारे जाणतोच. दुपारी बाराला रस्ते ओस पडतात, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागतात, आणि बाहेर निघायचे तर खिशात कांदा ठेवून कानाला दुपट्टा गुंडाळावा लागतो. २०१३ च्या मे महिन्यात येथील पारा ४७.९ अंश सेल्सिअसवर गेला होता. वसंतातली व्याख्याने सायंकाळी का भरवतात, याचे वेगळे कारण आपल्या गावात कोणाला सांगावे लागत नाही.

तरीही फाल्गुन ते ज्येष्ठ या काळात आपल्या शहरात आणि भोवतालच्या रानात झाडांवर जो बहर येतो, तो एरवी दिसत नाही. हिवाळ्यात शेवंतीची आणि गुलाबाची प्रदर्शने भरतात. कुंड्या रांगेने मांडतात, बक्षिसे देतात, आणि आम्हीही ती आवडीने पाहतो. उन्हाळ्याच्या प्रदर्शनाला मांडव नाही, तिकीट नाही, परीक्षक नाहीत. त्यामुळेच की काय, त्याला प्रेक्षकही थोडे. हा देखावा काय आहे, आणि जमीन भाजून निघत असताना झाडांना फुलण्याची बुद्धी का होते, हे आज पाहावयाचे आहे.

आरंभ पळसापासून करणे प्राप्त आहे. फेब्रुवारी सरता सरता रामटेककडे किंवा काटोलकडे जाणाऱ्या रस्त्याने गेले, की पाने झडलेल्या काळ्या फांद्यांवर केशरी ज्वाळा दिसू लागतात. फुलाची एक पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकडी असते. म्हणून संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात, म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?'. बंगालमधील ज्या पलाशीच्या मैदानावर १७५७ साली हिंदुस्थानचे दैव फिरले, त्या गावाचे नाव या झाडावरूनच पडले. शास्त्रीय नावातही एक गंमत आहे. 'ब्युटिया' हे कुलनाम जॉन स्टुअर्ट, ब्यूटचा तिसरा अर्ल, याच्या नावावरून दिलेले आहे. हा गृहस्थ वनस्पतींचा शौकीन होता, आणि १७६२-६३ या काळात इंग्लंडचा पंतप्रधानही होता. आपल्या पत्रावळींशी त्याचा संबंध इतकाच.

पळसाच्या फुलाला वास नाही. यावरून सुभाषितकारांनी रूपवान पण विद्याहीन माणसाला किंशुकाची उपमा दिली. आम्हाला हा त्या झाडावर अन्याय वाटतो. फूल कोणासाठी उमलते ते आधी पाहिले पाहिजे. पळसाचा मुख्य पाहुणा म्हणजे जांभळा शिंजीर. चोच खुपसून तो मध घेतो आणि परागकण अंगावर घेऊन दुसऱ्या फुलाकडे जातो. पक्ष्यांना दृष्टी तीक्ष्ण असते, पण फुलाकडे ते वासाच्या मागाने येत नाहीत. मग सुगंधावर खर्च कशाला करावा? काटेसावरीचेही तसेच आहे. तिच्या लाल, मांसल पेल्यांत मध एवढा साचतो की मैना, बुलबुल, कावळे यांची पहाटेपासून गर्दी उडते. उलट मोहाचे फूल रात्रीचे. रंगाने फिके, वासाने उग्र. त्याचे गिऱ्हाईक वटवाघूळ. पहाटे मोहाच्या फुलांचा सडा पडतो आणि भंडारा-गडचिरोलीच्या रानात बायामुले टोपल्या घेऊन तो वेचायला निघतात. शिरीषाचा सुगंध संध्याकाळनंतर दरवळतो, तो रात्रीच्या पतंगांसाठी. ज्याचे गिऱ्हाईक जसे, तसे त्याचे दुकान.

आता मुख्य प्रश्न. पाणी नाही, पाने नाहीत, आणि फुले मात्र भरभरून; हे कसे?

याचे उत्तर नागपूर जिल्ह्यातला संत्र्याचा बागाईतदार आपल्याला अर्धे सांगू शकेल. संत्र्याला बहर हवा असेल तर तो झाडाला पाणी देत नाही, उलट तोडतो. याला 'ताण देणे' म्हणतात. आंबिया बहरासाठी हिवाळ्यात पाणी तोडतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा देतात, तेव्हा फूल येते. मृग बहरासाठी एप्रिल-मेमध्ये ताण देतात आणि पहिल्या पावसाने ते काम होते. झाड पोटभर पाणी पीत असेल तोवर पाने आणि फांद्या वाढवत बसते. ताण पडला की वाढ थांबते, फुलाच्या कळ्यांची तयारी होते, आणि पाणी मिळताच त्या फुटतात.

पण रानातल्या पळसाला ताणानंतर पाणी कोण देते? मार्चमध्ये तर पाऊस नसतो. १९८४ साली दोघा संशोधकांनी मध्य अमेरिकेतील कोस्टा रिकाच्या कोरड्या रानाविषयी आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी झाडांच्या खोडांचा घेर वरचेवर मोजला होता. उन्हाळ्यात पाने असेपर्यंत खोड आक्रसत जाते, कारण पानांतून पाणी उडत असते. पाने गळाली की हा खर्च बंद होतो. मुळे खोलवरून जे थोडे पाणी ओढतात ते खोडात साठू लागते, खोड पुन्हा भरते, आणि मग कळ्या उमलतात. म्हणजे पानगळ हे झाड वाळल्याचे लक्षण नव्हे. ती काटकसर आहे, आणि त्या बचतीतून फुलांचा समारंभ होतो. सगळ्याच झाडांना हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही. दिवसाची लांबी, उष्णता, मातीची खोली यांचाही वाटा असतो. कडुनिंबाला तर चैत्रात कोवळी पाने आणि फुले एकाच वेळी येतात. परंतु पळस, काटेसावर यांच्यासारख्यांची रीत यावरून चांगली उलगडते.

यात आणखी एक धोरण आहे. मार्चमध्ये फुललेल्या पळसाच्या चपट्या शेंगा मे-जूनमध्ये वाऱ्यावर उडतात, सावरीचा कापूसही उन्हाळ्यातच बी घेऊन निघतो. बी जमिनीवर पडते आणि पाठोपाठ मृगाचा पाऊस येतो. फुले पावसाळ्यात आली असती तर बी हिवाळ्यात कोरड्या मातीत पडले असते.

एप्रिल उलटला की देखावा रानातून शहरात येतो. सिव्हिल लाइन्समध्ये, सेमिनरी हिल्सच्या उतारावर बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात. बहावा फुलला की पाऊस दीड महिन्यावर आला, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेत फुलांच्या बहरावरून पिकांचे भाकीत करण्याला एक स्वतंत्र अध्याय दिला, म्हणजे हा नाद जुना आहे. हवामानखात्याने बहाव्यावर विसंबावे असे मात्र आम्ही सुचवणार नाही.

बहाव्यामागून गुलमोहर. याला आपण इतके आपले मानले आहे की तो मादागास्करचा आहे हे सांगितले तर लोक चकित होतात. १८२० नंतरच्या दशकात बोयर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो तेथे आढळला, आणि मग मॉरिशसमार्गे साऱ्या उष्ण जगात पसरला. मेक्सिकोच्या युकातान भागातील मेरिदा हे असेच उन्हाचे शहर. तेथील रस्त्यांवरही मे-जूनमध्ये हाच गुलमोहर पेटतो, आणि त्याच्या शेजारी आपला बहावा असतो. त्याला ते लोक 'सोन्याचा पाऊस' अशा अर्थाचे नाव देतात. बहावा आपण तिकडे दिला म्हणावे, तर त्या देशाचे आपल्यावर ऋण अधिक आहे. दसऱ्याचा झेंडू, देवळापुढचा चाफा, वेणीतला निशिगंध, बागेतली डेलिया ही सारी मेक्सिकोच्या बाजूची. झेंडूचे तोरण आपण इतक्या भक्तीने लावतो की तो चारपाचशे वर्षांमागे इकडे नव्हता हे खरे वाटत नाही.

मेक्सिकोचीच आणखी एक गोष्ट सांगतात. तेथील राष्ट्राध्यक्षांनी १९३० च्या सुमारास राजधानीत लावण्यासाठी जपानकडे चेरीची झाडे मागितली. मात्सुमोतो नावाच्या जपानी माळ्याचा सल्ला घेण्यात आला. त्याने सांगितले की चेरीला फुलण्यासाठी कडक थंडी सोसावी लागते, ती येथे नाही. त्यापेक्षा दक्षिण अमेरिकेतला नीलमोहर लावा. आज मार्चमध्ये ती राजधानी जांभळी होऊन जाते. परदेशचे चित्र पाहून झाड निवडण्यापेक्षा गावची हवा पाहून निवडावे, असे त्या माळ्याचे म्हणणे.

हा सल्ला आपल्याही कामाचा आहे. गुलमोहर देखणा खरा, पण त्याची मुळे वरवर पसरतात आणि लाकूड ठिसूळ. मे महिन्याच्या वादळात रस्त्यावर आडवे झालेले झाड पुष्कळदा तोच असतो. बहावा, पळस, करंज ही येथल्याच मातीतली झाडे अधिक लावावीत असे आम्हाला वाटते. त्याहून निकडीची गोष्ट बुंध्याची आहे. रस्ते सिमेंटचे झाले आणि पदपथाच्या फरश्या झाडाच्या खोडाला भिडल्या. पावसाळ्यात मुरणारे पाणी हीच झाडाची उन्हाळ्याची शिल्लक. ते मुरलेच नाही तर पाने गाळून तरी झाड काय वाचवणार? दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली झाडांभोवतालची एक मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश दिला. आपल्या राज्यात १९७५ पासून नागरी भागातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून जुन्या झाडांना वारशाचा दर्जा मिळाला. त्याच सुमारास अजनीची झाडे वाचवण्यासाठी नागपूरचे नागरिक रस्त्यावर आले होते. झाड तोडण्याची नोटीस खोडावर लागते. हरकत घ्यायची तर ती मुदतीत, लेखी घ्यावी लागते. आपल्या गल्लीतील झाडावर असा कागद दिसला तर तो वाचावा.

देखावा पाहायचा तर पहाटे सहा ते आठ ही वेळ. पळस होळीपूर्वी, बहावा मेच्या पहिल्या पंधरवड्यात, गुलमोहर मृगापर्यंत. शेवटी एक झाड उरते, ते म्हणजे कुडा. मेघदूतातल्या यक्षाने आषाढातल्या मेघाचे स्वागत याच पांढऱ्या फुलांनी केले, आणि त्याचा रामगिरी म्हणजे आपले रामटेक असे महामहोपाध्याय मिराशींनी प्रतिपादले. रामटेक येथून सुमारे पन्नास किलोमीटर. जूनमध्ये पहिले ढग दिसले की गडाच्या बाजूच्या झुडपांत कुडा शोधावा. झाड लहान असते, आणि फुले फांदीच्या टोकाशी झुबक्यांनी येतात.