पंचवीस लिऱ्यांचा सूर्य

‘ओ सोले मिओ’ या गाण्यातला ‘ओ’ ही हाक नाही. नेपल्सच्या बोलीत ते नामाआधी येणारं साधं उपपद आहे, इंग्रजीतल्या ‘द’सारखं. म्हणजे सूर्याला कुणी साद घालत नाहीये, ‘माझा सूर्य’ एवढंच म्हणतोय. वादळ ओसरल्यावरचं ऊन छानच, पण त्याहून सुंदर सूर्य प्रेयसीच्या चेहऱ्यावर आहे, असा गाण्याचा भाव.

चाल एदुआर्दो दि कापुआची. जन्म नेपल्सचा, 1865चा. वडील व्हायोलिनवादक, त्यांच्यासोबत पोरगा दौऱ्यांवर हिंडायचा. 1898 साली अशाच दौऱ्यात तो काळ्या समुद्राकाठच्या ओदेसाला होता. खिशात जोव्हान्नी कापुर्रोची कविता होती, तीच या गाण्याचे शब्द. नेपल्सच्या उन्हाचं हे गाणं घरापासून इतक्या दूर, परक्या बंदरात सुचलं, यात नवल नाही. घर सोडल्यावरच घरचं ऊन आठवतं.

त्या काळी नेपल्समध्ये सप्टेंबरातल्या पिएदिग्रोत्ताच्या जत्रेत नवी गाणी स्पर्धेला उतरत. या गाण्याला तिथे दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं कोणतं होतं, ते आज कोण गातं? बिदेरी या प्रकाशकाने ‘ओ सोले मिओ’चे हक्क अवघ्या पंचवीस लिऱ्यांना घेतले. पुढे ऑपेरा गायक कारुझोने ते ध्वनिमुद्रित केलं. एल्विस प्रेस्लीने 1960 साली याच चालीवर ‘इट्स नाऊ ऑर नेव्हर’ गायलं आणि ती त्याच्या सर्वाधिक खपलेल्या तबकड्यांपैकी एक ठरली. ऑपेरा गायक पाव्हारोत्तीचं तर हे हुकमी गाणं.

दि कापुआच्या पदरात यातलं काही पडलं नाही. ‘मारिया मारी’सारखी गाणी गाजूनही पैसा टिकला नाही, जुगाराचा नादही होता म्हणतात. 1917 साली तो नेपल्समध्येच गरिबीत वारला. तीन वर्षांनी कापुर्रोही तसाच गेला.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण 2002 साली तुरिनच्या न्यायाधीशांनी निकाल दिला की, या चालीचा सहसंगीतकार आल्फ्रेदो माझ्झुक्की हाही आहे. दि कापुआने 1897 साली त्याच्याकडून काही चाली विकत घेतल्या होत्या, त्यातलीच एक इथे वापरली. म्हणजे ओदेसाच्या समुद्राचं श्रेय थोडं कमी करावं लागतं. मला ते जड जातं, पण कागद कागदच असतो.

माझ्झुक्की 1972 साली वारला. मृत्यूनंतर सत्तर वर्षं, या हिशेबाने पंचवीस लिऱ्यांना विकल्या गेलेल्या या गाण्याचा स्वामित्वहक्क आता 2042 सालापर्यंत चालणार आहे.