खिशातला चाकू, आकडीतली कोयती

सह्याद्रीतल्या मुक्कामी ट्रेकला चाकूने नेमकं काय कापलं जातं? संध्याकाळच्या खिचडीसाठी कांदे-बटाटे. मसाल्याची नि दूध पावडरीची पाकिटं. तंबूची दोरी, सॅकचा लोंबणारा बंद, टाचेच्या फोडावर लावायची चिकटपट्टी. सकाळी पोह्यांवर पिळायचं लिंबू, उन्हं चढल्यावर काकडी. राजमाचीला जा नाहीतर हरिश्चंद्रगडाला, यादी फारशी बदलत नाही. तिच्यात बिबट्याशी झुंज नाही आणि झाड तोडून झोपडी बांधणंही नाही.

पहिला चाकू घ्यायला निघालेला तरुण मात्र बहुधा त्याच तयारीने बाजारात जातो. परत येतो तेव्हा हातात असतो वीतभर पात्याचा, पाठीवर करवतीचे दात असलेला, पोकळ मुठीत गळ-सुई-काडेपेटी भरलेला आणि मुठीच्या टोपणात होकायंत्र बसवलेला ‘सर्व्हायव्हल’ चाकू. या चाकूचं मूळ सिनेमात आहे. 1982 साली आलेल्या ‘फर्स्ट ब्लड’मध्ये सिल्व्हेस्टर स्टॅलनच्या कमरेला असा चाकू होता. तो अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याच्या जिमी लाइल या नामांकित कारागिराने घडवलेला होता. बाजारात येतात त्या त्याच्या स्वस्त नकला. पोकळ मुठीत पातं आत जाणार किती? बोटाच्या पेराएवढं. जोर लागला की चाकू मोडतो तो नेमका तिथे, पातं नि मूठ जिथे भेटतात तिथे. करवतीचे दातही लाकूड कापण्यापेक्षा अडकण्याचंच काम जास्त करतात. होकायंत्राबद्दल न बोललेलं बरं.

मुरलेला माणूस चाकू कसा निवडतो, हे दुकानाच्या काउंटरवर उभं राहून पाहण्यासारखं असतं. त्याला पोलादाचं नाव विचारायची घाई नसते. आधी तो मूठ धरतो, डोळे दुसरीकडे वळवतो आणि करंगळीला जागा मिळते का ते पाहतो. मग मिटवता येणारा चाकू उघडून पातं डावी-उजवीकडे हलवतो. खिळ्यापाशी खडखड असेल तर चाकू खाली. मिटलेला चाकू उजेडासमोर धरून पात्यांमधल्या फटी तपासतो, कारण नकली ‘स्विस’ चाकू तिथेच उघडे पडतात. शेवटी बाटलीतलं थोडं पाणी तळहातावर ओतून पुन्हा मूठ पकडतो. दुकानदार वैतागतो. पण जुलैतल्या घाटात हात कोरडा राहणार नाही, हे दुकानदारापेक्षा त्याला जास्त माहीत असतं. गुळगुळीत पॉलिशची, दिसायला देखणी मूठ या परीक्षेत बहुतेक वेळा नापास होते. ओल्या हातातून बोट पुढे घसरलं तर ते थेट धारेवर जातं. म्हणून मुठीच्या पुढच्या टोकाला बोट अडवणारा छोटा उंचवटा असलेला चाकू तो पसंत करतो.

पात्याच्या जाडीवरून नवख्यांची मोठी फसगत होते. पाच मिलिमीटर जाडीचं पातं हातात घेतलं की भक्कम वाटतं, आणि त्याने गाजर कापायला गेलं की गाजर कापलं न जाता फुटतं. कांद्याच्या चकत्या तर विसराच. जाड पाती लाकडावर ठेवून वरून दांडक्याने ठोकायला, म्हणजे ओंडका फोडायला बनवलेली असतात. स्कँडिनेव्हियाच्या बर्फाळ जंगलात या कामाला अर्थ आहे. ओलं लाकूड फोडून आतला कोरडा गाभा काढला नाही तर तिथे शेकोटी पेटत नाही. इथे परिस्थिती वेगळी. हरिश्चंद्रगड आणि कळसूबाईचा परिसर अभयारण्यात येतो, झाडाला हात लावायची परवानगी नाही, आणि बहुतेक मुक्काम गॅसच्या शेगडीवर निभतो. दोन ते तीन मिलिमीटर जाडीचं, आठ-दहा सेंटिमीटर लांबीचं पातं इथल्या सगळ्या कामांना पुरून उरतं.

गंमत अशी की, त्याच स्कँडिनेव्हियात रोज वापरला जाणारा चाकूही पातळच असतो. स्वीडनच्या डालार्ना प्रांतात सिल्यान तळ्याकाठी मोरा नावाचं गाव आहे. तिथले साधे, लाकडी नाहीतर रबरी मुठीचे चाकू तिकडे सुतार, कोळी, शेतकरी असे सगळे वापरतात. ‘मोरा कंपॅनियन’चं पातं साधारण दहा सेंटिमीटर लांब आणि अडीच मिलिमीटर जाड असतं. तो मिटत नाही, त्यात स्प्रिंग नाही, खिळा नाही, म्हणून बिघडायलाही काही नाही. चिखलात पडला तर धुवा आणि पुसा. मुक्कामी ट्रेकसाठी, स्वयंपाकाची जबाबदारी असलेल्या माणसाच्या सॅकमध्ये, यापेक्षा सरस काही सुचत नाही. मात्र तो म्यानात राहतो, खिशात मावत नाही.

खिशात मावणाऱ्यांत दोन नावं सगळीकडे ऐकू येतात. एक लाल रंगाचा स्विस. कार्ल एल्सनर या कारागिराने 1884 मध्ये इबाख गावात कारखाना काढला, 1891 मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवले आणि 12 जून 1897 रोजी ‘ऑफिसरचा चाकू’ नोंदवून घेतला. आज व्हिक्टोरिनॉक्स या नावाने विकला जातो तो हाच. त्यातली कात्री आणि चिमटा मुख्य पात्याहून जास्त वापरले जातात, असं ट्रेकचा प्रथमोपचार सांभाळणारे सांगतात, आणि पायात करवंदीचा काटा मोडलेला कुणीही ते मान्य करील. पण त्यातल्या बहुतेक नमुन्यांची पाती फक्त स्प्रिंगच्या दाबावर उघडी राहतात, त्यांना खटका नाही. टोकाने काही टोचायला किंवा भोक पाडायला गेलं तर पातं उलटं मिटून बोटावर येऊ शकतं. पाठीवर खटका असलेला चाकू या बाबतीत निर्धास्त.

दुसरं नाव ओपिनेल. फ्रान्सच्या साव्वा प्रांतातल्या जोसेफ ओपिनेलने 1890 मध्ये हा शेतकऱ्याचा चाकू बनवला. बीच लाकडाची गोल मूठ, तिच्यात मिटणारं पातळ पातं, आणि 1955 पासून मुठीच्या गळ्याशी फिरणारी एक लोखंडी कडी. कडी फिरवली की पातं जागच्या जागी कुलूपबंद. आठ नंबरचा ओपिनेल, म्हणजे साडेआठ सेंटिमीटर पात्याचा, वजनाला पन्नास ग्रॅमच्याही आत. टोमॅटोची कागदासारखी चकती काढावी तर यानेच. आल्प्समध्ये लाखांनी विकला गेलेला हा चाकू आपल्याकडच्या पावसात मात्र रुसतो. लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि पातं मुठीत असं घट्ट बसतं की नखाने उघडत नाही. मग मूठ दगडावर आपटून पातं थोडं बाहेर काढावं लागतं. जाणकार मंडळी पावसाळ्याआधी खाच पॉलिश पेपरने थोडी रुंद करतात आणि लाकडाला जवसाचं तेल पाजतात. ज्यांना एवढी उठाठेव नको, त्यांनी हा चाकू हिवाळ्यातच काढावा.

पाऊस हाच इथला खरा परीक्षक. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीला त्याहून जास्त. अशा हवेत साधं कार्बन पोलाद एका रात्रीत तांबूस होतं. ज्यांच्या घरी लोखंडी विळी आहे त्यांना हे सांगायला नको. तिच्यावर चिरलेली कैरी काळी पडते, वांग्याला डाग येतात, धुऊन तशीच ठेवली तर सकाळी गंजाची रेघ उमटते. पोलादात साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असेल तरच ते ‘स्टेनलेस’ म्हणवतं, आणि तेही गंजतच नाही असं नव्हे, उशिरा गंजतं इतकंच. कार्बन पोलादाचे चाहते सांगतात की त्याला धार लवकर लागते आणि झकास लागते. ते खरं आहे. पण भिजलेल्या सॅकमध्ये दोन दिवस पडून राहणाऱ्या चाकूचा विचार करायचा तर स्टेनलेस घ्यावं आणि वाद मिटवावा. महागड्या पोलादांच्या नावांचा जो जप चालतो, त्याचा उपयोग कारखान्यात दिवसभर खोकी कापणाऱ्याला होईल. अती कडक पोलाद धार जास्त दिवस धरतं, पण एकदा बोथटलं की रानात, खिशातल्या छोट्या दगडावर ते पुन्हा धारेला येत नाही.

म्यानाचंही असंच. चामड्याचं म्यान रुबाबदार, पण घाटातल्या पावसात ते ओल धरून ठेवतं, त्याला बुरशी येते आणि आतलं पातं गंजतं. खाली पाणी निथळायला भोक असलेलं प्लॅस्टिकचं म्यान दिसायला कळाहीन आणि कामाला चोख.

या सगळ्या परदेशी नावांच्या गर्दीत एक गोष्ट विसरली जाते. रोज अंगावर बाळगायचं पातं आपल्याकडे नवीन नाही. आजोबांच्या चंचीत पान, सुपारी आणि चुन्याच्या डबीशेजारी अडकित्ता असायचाच. आणि कोकणात आजही रानात, बागेत निघालेल्या माणसाच्या कमरेला मागच्या बाजूला आकडी असते आणि आकडीत अडकवलेली कोयती. दोन्ही हात मोकळे, माडावर चढायला किंवा बांध उतरायला अडचण नाही, आणि हात मागे नेला की मूठ हाताशी. नारळ सोलणं, बांबू तोडणं, वाटेतलं काटेरी झुडूप बाजूला करणं, गुरांना पाला काढणं ही सारी कामं एकच पातं करतं. आत वळलेल्या आकारामुळे घावाचा जोर पुढे एकवटतो, फांदी निसटत नाही. ट्रेकला जाणारी मुलं गावातल्या वाटाड्याची कोयती बघून तशीच विकत घ्यायला निघतात, तेव्हा वाटाडेच हसतात. कोयतीचा घाव कुठे संपतो ते कळायला लहानपणापासूनचा हात लागतो. न बसलेला घाव घसरून थेट नडगीवर येतो.

ही कोयती किंवा कोयता घडताना पाहायचा असेल तर रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या घिसाडी कुटुंबाकडे जावं. कच्चा माल म्हणजे भंगारातला ट्रकचा कमानपाटा. स्प्रिंगचं पोलाद असल्याने तो वाकतो, पण सहजी मोडत नाही. भात्याने फुलवलेल्या कोळशात तुकडा लालबुंद होतो, पुरुष सांडशीने तो ऐरणीवर धरून फिरवत राहतो आणि समोरून बाई घण घालते. दोघांची लय चुकली तर बोट जाईल. पण ती चुकत नाही, आणि त्यातच त्यांचं बोलणंही चालू असतं. आकार आला की शेवटचं, नाजूक काम येतं ते पाणी पाजण्याचं. तापलेल्या पात्याची फक्त धारेकडची कड पाण्यात बुडवतात. धार कडक होते, पाठ त्या मानाने मऊ राहते, त्यामुळे घावाचा धक्का पाठ सोसते. रंगावरून उष्णता ओळखायची, हातात तापमापक नाही. प्रयोगशाळेत वेगवेगळी कडकपणाची मापं मिळवायला जे करतात, तेच ही माणसं डोळ्यांच्या अंदाजावर करतात.

कडे-कपारी चढणाऱ्यांची गरज पुन्हा वेगळी. धबधब्यातून रॅपलिंग करताना मोकळे केस किंवा टी-शर्टची कड उतरण्याच्या उपकरणात ओढली जाते आणि माणूस अधांतरी अडकतो. त्याचं वजन दुसऱ्या दोरावर घेण्याची सोय नसेल तर शेवटचा उपाय म्हणजे अडकलेलं कापड कापणं. पण तिथेच, बोटभर अंतरावर, वजनाने ताणलेला दोर असतो. ढिला दोर कापायला जोर लावावा लागतो, ताणलेला दोर मात्र धारेच्या नुसत्या स्पर्शाने उसवत जातो. म्हणून असा चाकू छोटा, शक्यतो गोल टोकाचा, एका हाताने उघडणारा आणि दोरीने हार्नेसला बांधलेला असावा. पट्टीच्या प्रशिक्षकांच्या हार्नेसवर तो असतो. नवख्याच्या हार्नेसवर तो नसलेलाच बरा, त्याने केस बांधावेत.

चाकू कितीही चांगला असो, त्याच्यासोबत दगड घेतला नाही तर महिन्या-दोन महिन्यांत तो लोणी लावायच्या लायकीचा उरतो. सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याकडे विळी-कात्री द्यावी, पातळ चाकू देऊ नये. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा धारेची कड तापते, निळसर पडते, आणि मूळ पाणी उतरतं. पातंही झिजतं. एका बाजूला खरखरीत, दुसऱ्या बाजूला बारीक असा दोन बाजूंचा दगड पुरतो. पाणी शिंपडायचं, पातं साधारण वीस अंशांत तिरपं धरायचं आणि तो कोन न बदलता फिरवत राहायचं. दुसऱ्या बाजूला नखाला जाणवेल अशी बारीक कोर उमटली की बाजू बदलायची. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट दिशेने चार-सहा हात. पिकलेला टोमॅटो न दाबता कापला गेला की धार लागली. घरी दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची, चकाकी नसलेली खरखरीत कडही काम भागवते. बोथट चाकूला जास्त जोर लावावा लागतो, आणि ट्रेकवरच्या कापलेल्या बोटांमागे बऱ्याचदा तोच जोर असतो.

आता कायदा. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी न बनवलेली आणि पातं 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद असलेली धारदार हत्यारं 2016 च्या शस्त्र नियमांच्या यादीत येतात. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली सण, निवडणूक, मोर्चा अशा वेळी मनाई आदेश निघतात, तेव्हा सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगण्यावरही बंदी येऊ शकते. पुण्यासारख्या शहरात कोयत्याच्या गुन्ह्यांच्या बातम्या रोज येत असताना लोकलमध्ये किंवा एसटीत कमरेला म्यान लटकवून बसणं हा शुद्ध वेडेपणा आहे. सॅकच्या तळाशी, म्यानात, स्वयंपाकाच्या भांड्यांसोबत ठेवलेला दहा सेंटिमीटरचा चाकू कशासाठी आहे, हे कुणालाही दिसतं. रोज ऑफिसला जाणाऱ्याने खिशात काही ठेवायचंच तर बोटाएवढं, कात्रीवालं छोटं मॉडेल पुरे.

हिमालयातल्या ट्रेकसाठी विमानाने निघणाऱ्यांना एवढंच सांगणं की, आदल्या रात्रीच चाकू चेक-इनच्या सामानात टाका. केबिनच्या पिशवीत सापडलेलं पातं सुरक्षा तपासणीत काढून घेतलं जातं आणि ते सहसा परत मिळत नाही.