सेवा आणि सोबत

चातुर्मासांतील शिधा, माधुकरी मागणाऱ्या बटूच्या झोळींतील भात, वार लावून जेवणाऱ्या गरीब विद्यार्थ्याचें पान, ह्या गोष्टी आपल्या घरांत आजोबा-पणजोबांच्या वेळेपासून चालत आलेल्या आहेत. देण्याची शिकवण मुलांस निराळी द्यावी लागत नाहीं. वडील मंडळी देतांना पाहूनच ती त्यांच्या अंगवळणीं पडते. परंतु देणारा आणि घेणारा ह्यांच्यामध्यें बहुधा एक उंबरठा असतो, आणि तो ओलांडण्याचा प्रसंग आला म्हणजे भल्याभल्यांचें औदार्य जागींच थबकतें. वऱ्हाडांतील कांहीं मंडळींनीं हा उंबरठा कठीण काळांत कसा ओलांडला, तेंच येथें सांगावयाचें आहे.

समानशील गृहस्थांनीं एकत्र यावें, परस्परांत स्नेह वाढवावा आणि त्या स्नेहाचें फळ गांवास द्यावें, ही कल्पना आतां साऱ्या जगांत रूढ झाली आहे. अमेरिकेंतील शिकागो शहरीं पॉल हॅरिस नांवाच्या वकिलानें १९०५ सालीं रोटरी क्लबाचा पाया घातला. सभासदांच्या कचेऱ्यांत आळीपाळीनें बैठकी भरत, म्हणून त्याला तें नांव मिळालें. १९२० च्या सुमारास हा क्लब कलकत्त्यास येऊन पोहोंचला. वऱ्हाडांत मात्र अशा संघटित सेवेचीं मुळें शोधूं लागल्यास तीं कीर्तनाच्या रिंगणांत आणि तालमीच्या लाल मातींत सांपडतात.

अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले आणि अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापूर तालुक्यांत दापुरी येथें मामाच्या घरीं वाढलेले गाडगे महाराज, ह्या परंपरेचे आद्य पुरुष म्हणावयास हरकत नाहीं. पूर्णा नदीच्या कांठीं ऋणमोचनची यात्रा भरे. तेथें ते हातांत खराटा घेऊन जागा झाडीत, आणि अंधळ्यापांगळ्यांना पंगतींत बसवून जेवूं घालीत. स्वतः मात्र मडक्याच्या फुटक्या तुकड्यांत मिळेल ती भाकरी खात. भुकेल्याला नुसतें अन्न देऊन भागत नाहीं, त्याला पाटावर बसण्याचा मानही द्यावा लागतो, हा धडा वऱ्हाडास त्यांच्यापासून मिळाला.

दुसरा धडा तालमीचा. १९१४ सालीं अमरावतींत वैद्य बंधूंनीं हनुमान आखाडा काढला. तोच पुढें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नांवारूपास आला. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक सोहळ्याच्या वेळीं ह्या मंडळाच्या चमूनें आपले देशी खेळ परदेशीयांस करून दाखविले. लाल मातींत एकदां उतरलें कीं मोठ्या घरचा आणि धाकट्या घरचा हा भेद फार वेळ टिकत नाहीं. अशा वातावरणांत वावरलेले डॉ. शिवाजीराव पटवर्धन हे अमरावतींतील एक होमिओपॅथिक वैद्य आणि राष्ट्रीय कार्यकर्ते. लोक त्यांना आदरानें दाजीसाहेब म्हणत. पुढील कार्य त्यांच्या हातून घडावयाचें होतें.

तें कार्य कुष्ठरोग्यांचें. ज्याला लोकांनीं महारोग असें नांव दिलें, त्या रोगाचें भय शरीरापेक्षां घरालाच अधिक असे. कर्त्या माणसाच्या अंगावर बधिर चट्टा दिसला, कीं घरांतील बोलणें हलक्या आवाजांत होऊं लागे. मुलींचीं लग्नें अडतील, सोयरे तुटतील, ह्या धास्तीनें रोगी आधीं मागच्या खोलींत जाई, मग वेगळ्या ताटावर, आणि शेवटीं वाटेस लागे. ह्यांत दुष्टपणापेक्षां असहायताच अधिक होती. ह्या रोगाचा जंतु नॉर्वेंतील हॅन्सेन ह्यांनीं १८७३ सालींच शोधून काढला होता. परंतु उपाय म्हणून बराच काळ हातीं होतें तें कडू कवठीचें तेल, आणि त्याच्या गुणाचा फारसा भरंवसा नव्हता. १८९८ च्या कायद्यानें तर भीक मागणाऱ्या रोग्यास पकडून कोंडून ठेवण्याची मुभा दिली होती.

शेजारच्या वर्ध्याकडे ह्या अंधारांत प्रथम कांहीं उजेड दिसूं लागला. १९३६ सालीं मनोहर दिवाण ह्यांनीं दत्तपूर येथें कुष्ठसेवा आरंभिली. १९३९ च्या सुमारास परचुरे शास्त्री हे संस्कृतचे विद्वान् ब्राह्मण ह्याच रोगानें ग्रस्त होऊन सेवाग्रामास आले, तेव्हां गांधीजींनीं त्यांना आश्रमांत ठेवून घेतलें आणि स्वतःच्या हातांनीं त्यांचें अंग चोळलें. विद्येनें आणि कुळानें हा रोग टळत नाहीं, हें त्या वेळीं अनेक सुशिक्षितांच्या प्रथमच मनावर ठसलें असेल.

मग आलें १९४६ साल. महायुद्ध संपलें होतें, पण महर्गता संपली नव्हती. धान्यावर निर्बंध होते आणि देशावर फाळणीचें सावट पडलें होतें. गृहस्थाला स्वतःच्याच संसाराची चिंता वाहावी लागत असतां, दाजीसाहेबांनीं अमरावतीबाहेरच्या उजाड माळावर श्री जगदंबा कुष्ठनिवास उभारावयास घेतला. त्या माळालाच तपोवन म्हणतात, आणि ज्या मंडळानें हा भार उचलला तें विदर्भ महारोगी सेवा मंडळ.

तपोवनाचें वैशिष्ट्य औषधापुरतें नव्हतें. तेथें रोग्याच्या हातीं भिक्षापात्राऐवजी अवजार आलें. कोणी शेती करी, कोणी सुतारकाम, कोणी विणकाम. ज्याचीं बोटें झडलीं होतीं तोही, आपल्या श्रमांचें खातों, असें म्हणूं शकला. पैसा दुरूनही देतां येतो. पण काम देण्यास जवळ जावें लागतें, शिकवावें लागतें, चुकलेलें पुन्हां करून दाखवावें लागतें. ह्या जवळ जाण्यांतूनच स्नेह उपजतो, आणि कोणत्याही सेवामंडळाची खरी पुंजी म्हणजे हा स्नेहच. पुढें १९४९ सालीं वरोऱ्यास बाबा आमटे ह्यांनीं महारोगी सेवा समिति स्थापिली आणि श्रमाच्या ह्याच मार्गानें आनंदवन उभें केलें, हें सर्वांस ठाऊक आहे. दाजीसाहेबांना पद्मश्री देऊन सरकारनेंही त्यांच्या कार्याचा गौरव केला.

त्यानंतर काळ पालटला. डॅप्सोन आलें, १९८१ नंतर अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति आली. आज सौम्य प्रकारांत सहा महिने आणि तीव्र प्रकारांत बारा महिने औषध घेतलें कीं रोग बरा होतो, आणि तें औषध सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतें. शंभरांतील बहुतेकांना ह्या रोगाची बाधा मुळींच होत नाहीं. कायद्यालाही उशिरां कां होईना जाग आली. १८९८ चा कायदा २०१६ सालीं रद्द झाला, आणि १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत घटस्फोटास कारण म्हणून असलेला कुष्ठरोग २०१९ सालीं वगळण्यांत आला. तपोवनाच्या शेजारींच आज अमरावतीचें विद्यापीठ उभें आहे, आणि तें गाडगे बाबांच्याच नांवाचें आहे, हा मोठा समर्पक योग होय.

परंतु औषध आणि कायदा घराच्या दारापर्यंतच येतात; आंतला कारभार घरच्यांच्याच हातीं असतो. सांदीकोपऱ्यांत दडविलेला चट्टा वेळेवर वैद्यास दाखविला, तर हातापायांस व्यंग येत नाहीं. लपवून ठेवला, तर येतें. म्हणजे जी लाज आपण घराण्याच्या नांवासाठीं सांभाळतों, तीच आपल्या माणसाचीं बोटें घेऊन जाते. तेव्हां एखाद्या सेवामंडळास वर्गणी अवश्य द्यावी, तपोवनासारख्या ठिकाणीं मुलाबाळांस घेऊन जावें, आणि घरीं कोणाच्या अंगावर बधिर डाग दिसलाच तर त्याला दवाखान्यांत न्यावें. त्याचें ताट मात्र वेगळें मांडूं नये. तें नेहमींच्याच पंगतींत, नेहमींच्याच जागीं असावें.